आईची गाय

क्वाझुलू-नाताळमधलं एखादं खेडं. शनिवारची सकाळ. एका घराच्या फाटकापाशी कोट घातलेले तीन-चार पुरुष उभे असतात. आत या असं त्यांना कुणी म्हणत नाही, आणि बोलावणं आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्यातला जाणता माणूस खड्या आवाजात त्या घराण्याच्या पूर्वजांची नावं आणि बिरुदं म्हणू लागतो. आपण कोण, कुणाकडून आलो आणि या घरात कुठलं फूल पाहून आलो, हेही तो सांगतो. आत चुली पेटलेल्या असतात, माणसांची ये-जा दिसत असते, पण दार उघडत नाही. थांबायला लावणं हा रिवाजाचाच भाग असतो.

झुलू भाषेत या माणसांना अबाखोंगी म्हणतात. मुलाकडून बोलणी करायला आलेले हे मध्यस्थ. नवरा मुलगा त्यांच्यात नसतो. त्यांना घरात घेऊन बसवलं तरी बोलणी लगेच सुरू होत नाहीत. आधी त्यांनी ‘इम्वुलामलोमो’ पुढे ठेवायचं असतं. या शब्दाचा अर्थ ‘तोंड उघडणारं’. पूर्वी ती ब्रँडीची बाटली असे, आता बहुधा नोटा असतात. ते ठेवलं की मुलीचे काका तोंड उघडतात आणि गायींचा विषय निघतो. मुलाच्या घराण्याने मुलीच्या घराण्याला द्यायच्या या गायींना झुलू आणि खोसा लोक लोबोला म्हणतात. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांत तो रोरा, बोट्स्वानातल्या त्स्वाना लोकांत बोगादी आणि केनियातल्या किकुयूंमध्ये रुरासिओ.

मराठीत याला जुना शब्द आहे, देज. महाराष्ट्रातल्या कित्येक जातीजमातींमध्ये देज देऊन मुलगी करून आणण्याची रीत होती आणि काही आदिवासी समाजांत ती अजून आहे. हुंड्याने मात्र आपली लग्नाची कल्पना इतकी व्यापली आहे, की पैसा मुलाकडून मुलीकडे जातो हे ऐकल्यावर दोन टोकांचे विचार मनात येतात. एक, ‘तिथे मुलीला मान आहे’. दुसरा, ‘तिथे मुली विकतात’. आफ्रिकेतल्या देजाकडे जवळून पाहिलं तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. मुस्लिम विवाहातला मेहेर नवरीच्या हक्काचा असतो, तसंही इथे नाही. लोबोला जातो तो तिच्या घरच्यांकडे.

या देण्यामागचा विचार कळून घ्यायचा, तर शोनांच्या बोलण्यांत मुलीकडचे जी यादी वाचतात ती ऐकावी. मध्ये एक लाकडी ताट ठेवलेलं असतं. मुलाकडचा मध्यस्थ, म्हणजे मुन्याई, मांडी घालून, टाळ्या वाजवून अदब राखत एकेक बाब त्या ताटात ठेवत जातो. पहिल्या काही बाबी छोट्या असतात. ‘मातेकेन्यान्देब्वू’ हे बापाचं देणं. मुलीने लहानपणी त्याच्या मांडीवर बसून त्याची दाढी ओढली, त्याबद्दलचं. आईला ‘म्बेरेको’ मिळतो, लेकराला पाठीशी बांधून ती शेतात राबली त्या कापडाची आठवण म्हणून. शिवाय तिला ‘माफुकिद्झादुंबू’ मिळतं. या शब्दाचा अर्थ पोट झाकणं. नऊ महिने जिने पोटात वाढवलं, बाळंतपणात जिचं अंग उघडं पडलं, तिचं पोट झाकायचं.

इथे मराठी वाचक थबकेल. आपल्याकडेही काही समाजांत नवऱ्या मुलाकडून मुलीच्या आईला लुगडं दिलं जातं आणि त्याला ‘पोटझाकणं’ म्हणतात. हिंदी महासागराच्या दोन तीरांवरच्या, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेल्या दोन भाषांना मुलीच्या आईचं ऋण फेडायला हाच शब्द सुचला.

छोट्या बाबी झाल्या की मोठा आकडा येतो: ‘रुसांबो’ ही रोख रक्कम, आणि ‘दांगा’. दांगा म्हणजे गुरांचा वाडा. ही मुख्य देजाची गुरं. ती एका दिवसात कुणी देत नाही आणि देणं अपेक्षितही नसतं. मुलगा थोडी आज देतो, थोडी पहिलं मूल झाल्यावर, आणि काही तर म्हातारपणापर्यंत राहून जातात. जावई म्हणजे उंबराचं झाड, त्याची फळं खाऊन कधी संपत नाहीत, अशा अर्थाची एक शोना म्हण आहे. देणं शिल्लक राहण्यातही एक सोय होती. देणेकरी जावई सासुरवाडीला विसरत नाही. नांगरणीला येतो, मर्तिकाला येतो, दुष्काळात धान्य पोचवतो.

आलेल्या गायी मुलीचा बाप स्वतःच्या गोठ्यात ठेवून घेई असंही नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या लोवेदू लोकांसारख्या कित्येक समाजांत बहिणीच्या लग्नात आलेल्या गायी भावाच्या लग्नात दुसऱ्या घरी जात. तिथून त्या घरातल्या मुलाच्या लग्नात तिसरीकडे. एक कळप असा फिरत राहायचा आणि त्याच्या मागून नात्यांचं जाळं विणलं जायचं. ज्या बहिणीच्या गायींवर भावाचं लग्न झालं, तिचा शब्द भावाच्या घरात आयुष्यभर चालायचा. भावजयीला तिची आठवण ठेवावी लागे, भाच्यांच्या लग्नात तिला विचारावं लागे. आजच्या दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत आदर्श देज चाळीस गुरांचं मानलं जाई आणि त्याची वाटणी बाप, भाऊ, चुलते, मामा, आत्या, मावश्या अशा सगळ्यांत होई. नुएरांमध्ये राहिलेले ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड यांना ‘नवरीची किंमत’ हा इंग्रजी शब्दप्रयोगच खटकला. त्याने खरेदी-विक्रीचा भास होतो, तो टाकून द्यावा आणि ‘वधूधन’ अशा अर्थाचा शब्द वापरावा, असं त्यांनी 1931 मध्ये लिहिलं.

गायींच्या बदल्यात नेमकं काय मिळत होतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होतं: मुलं कुणाच्या कुळात मोजायची हा हक्क. देज दिलं की मुलं बापाच्या कुळाची, न दिलं तर आईच्या माहेरची. म्हणूनच केनियातल्या नांदी लोकांत मूलबाळ नसलेली एखादी वयस्क बाई स्वतः गुरं देऊन दुसऱ्या बाईला ‘बायको’ करून घरी आणू शके. त्या तरुणीला होणारी मुलं पहिलीच्या घराण्याची ठरत. उलट, घानातल्या अकान लोकांत वंश आईकडून चालतो. मुलं तशीही आईच्याच कुळाची, तेव्हा देज थोडक्यात आटपतं. ‘तिरी न्सा’ या त्याच्या नावाचा अर्थ ‘डोक्याची दारू’. दारूच्या बाटल्या आणि थोडी रक्कम दिली की झालं. कुळाचा हिशेब बदलला की देजही बदलतं.

मग हा फिरता कळप अडला कुठे?

पहिली खीळ सरकारी कागदाने घातली. नाताळ वसाहतीतल्या ‘नेटिव्ह’ कारभाराचे प्रमुख थिओफिलस शेपस्टन यांनी 1869 मध्ये नियम काढला, की सामान्य माणसाच्या लग्नात लोबोला दहा गुरांच्या वर जाता कामा नये. ती गुरं लग्नाच्या वेळीच द्यावीत, मागाहून मागणी चालणार नाही. हेतू तंटे कमी करण्याचा होता. परिणाम असा झाला, की वर्षानुवर्षं चालणारं, ऐपतीप्रमाणे लांबणारं नातं एका दिवसाच्या व्यवहारात बसवलं गेलं आणि कमाल मर्यादा हाच दर ठरला. क्वाझुलू-नाताळमध्ये आजही ‘अकरा गायी’ म्हणतात त्या इथल्याच. दहा बापाच्या घराण्याला आणि एक, ‘इंगकुथू’, आईला. परंपरा म्हणून सांगितला जाणारा हा आकडा मुळात एका इंग्रज अधिकाऱ्याच्या फर्मानातून आला आहे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ‘आमच्या पूर्वजांनी ठरवलेलं’ म्हणून आज तरुणांसमोर जे ठेवलं जातं, त्यातलं बरंच असं मधल्या काळात ठरलेलं आहे.

दुसरा घाव रोगाने घातला. आपल्याकडचे शेतकरी ज्याला बुळकांडी म्हणत तो गुरांचा रोग 1880च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला उतरला. 1896-97 मध्ये तो झांबेझी नदी ओलांडून खाली आला तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या कळपांतली दहापैकी आठ-नऊ जनावरं मेली. वाडे ओस पडले. लग्नं तर थांबणार नव्हती, पण द्यायला गाय नाही. तरुण किंबर्लीच्या हिऱ्यांच्या आणि जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींकडे निघाले. काही आधीपासून जात होतेच, आता लोंढा वाढला. लोबोला मजुरीच्या पैशांत येऊ लागला. ज्या मुलाचं लग्न बापाच्या गोठ्यावर अवलंबून होतं तो आता स्वतःच्या कमाईवर उभा राहिला. त्याला वडीलधाऱ्यांपासून मोकळीक मिळाली, आणि ‘मी माझ्या घामाच्या पैशांनी बायको आणली’ हे वाक्यही त्याच्या तोंडी आलं. बापाच्या, चुलत्याच्या, बहिणीच्या गायी देणाऱ्याला असं म्हणता येत नव्हतं. देजाच्या अर्थातला मोठा पालट मला इथे दिसतो. सामायिक गाय गेली आणि एकट्याचं पाकीट आलं.

गाय गेली तरी तिचं नाव राहिलं. आजही बोलण्यांत ‘अकरा गायी’ असंच बोलतात आणि एका गायीचे किती रँड यावर घासाघीस होते. ठरलेला भाव बहुधा बाजारातल्या खऱ्या गायीपेक्षा कमी धरतात. नोटांना गाय म्हणायचं, म्हणजे आपण पैसे मोजत नाही आहोत हे दोन्ही पक्षांना म्हणता येतं. यात काही खोटं आहे असं वाटत नाही. लोक आपल्या रीतीची लाज राखायला करतात ती ही धडपड.

पण पैशाला मोजणीची सवय असते. मुलीचं शिक्षण, तिची नोकरी, तिला आधीचं मूल आहे की नाही, हे सगळं आकड्यात धरलं जाऊ लागलं. मुलीकडचे सांगतात, आम्ही हिच्या कॉलेजची फी भरली, हिचा पगार आता तुमच्या घरी येणार. 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक मोबाइल अॅप निघालं. त्यात मुलीचं वय, उंची, वजन, कंबर, शिक्षण, नोकरी भरली की लोबोलाचा आकडा निघे. ते गमतीसाठी केल्याचं सांगण्यात आलं, पण संताप उसळला. कंबरेचं माप आणि पदवी एकाच फॉर्ममध्ये मागितलेली पाहून कित्येक बायकांना जे वाटलं ते समजायला अवघड नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी या हिशेबाची दुसरी बाजूही दाखवली आहे. नावा अश्रफ, नाताली बाऊ, नेथन नन आणि अलेसांद्रा वोएना यांनी झांबिया आणि इंडोनेशिया या दोन देशांत पाहणी केली. सरकारने नव्या शाळा बांधल्या तेव्हा देजाची रीत असलेल्या समाजांत मुलींचं शिक्षण वाढलं, रीत नसलेल्या समाजांत तसं वाढलं नाही. शिकलेल्या मुलीला जास्त देज मिळतं, हे आईबापांना ठाऊक होतं. मुलगी शाळेत गेली हे चांगलंच झालं. त्यामागचं कारण मात्र मनाला टोचत राहतं.

याच वोएना यांनी लुचिया कोर्नो आणि निकोल हिल्डेब्रँट यांच्यासोबत केलेला दुसरा अभ्यास आपल्याला थेट भिडतो. त्यांनी सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि भारत शेजारी ठेवून पावसाच्या नोंदी तपासल्या. दुष्काळ पडला की आफ्रिकेत लहान वयातल्या मुलींची लग्नं वाढतात, भारतात कमी होतात. तिथे लग्न केलं तर घरात गुरं किंवा पैसा येतो. इथे हुंड्याला पैसा नाही म्हणून लग्न पुढे जातं. दोन्हीकडे आभाळ सारखंच कोरडं. पैसा कुठल्या दिशेने वाहतो, एवढ्यावरून एका मुलीचं बालपण तुटतं आणि दुसरीचं वर्षभर लांबतं. यातली कुठलीच मुलगी स्वतःच्या मर्जीने काही ठरवत नव्हती.

सगळ्यात काळी बाजू दक्षिण सुदानमध्ये दिसते. तिथल्या दीर्घ युद्धाच्या काळात बंदुका आल्या, सेनाधिकाऱ्यांकडे कळप साठले आणि देजाचे आकडे आभाळाला भिडले. गुरं नसलेल्या तरुणाला लग्नासाठी उरलेला मार्ग म्हणजे शेजारच्या टोळीची गुरं पळवणं. या धाडींत माणसं मारली जातात, मग सूड, मग पुन्हा धाड. व्हॅलरी हडसन आणि हिलरी मॅटफेस यांनी 2017 मध्ये देज आणि सशस्त्र हिंसा यांचा हा संबंध सविस्तर मांडला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरोवरांच्या प्रदेशातून बातमी आली, की 17 वर्षांच्या एका मुलीसाठी श्रीमंत पुरुषांमध्ये चढाओढ लागली आणि ती पाचशेहून अधिक गायी, तीन मोटारी आणि दहा हजार डॉलरवर थांबली. तिच्याबद्दलचा मजकूर फेसबुकवर फिरत होता. कंपनीने तो काढला, तोवर लग्न लागून गेलेलं होतं. नुएरांच्या चाळीस गायींची नात्यागोत्यात होणारी वाटणी आणि ही चढाओढ यांना एकाच शब्दाने ओळखलं जातं. हाच या विषयातला मोठा घोटाळा आहे.

मरणातही देज सुटत नाही. झिम्बाब्वेत रोरा पुरा होण्याआधी बायको वारली तर तिचे माहेरचे प्रेत अडवतात. बाकी चुकती करा, मग माती द्या. याला ‘कुरोरा गुवा’ म्हणतात, म्हणजे थडग्याशी लग्न लावणं. नवरा, मुलं आणि वऱ्हाडाऐवजी जमलेले सोयरे उन्हात ताटकळतात आणि आत पुन्हा आकड्यांची बोलणी चालतात.

कायद्याने ही रीत उपटायचे प्रयत्न फार झाले. पूर्व नायजेरियाने 1956 मध्ये देजावर 30 पौंडांची मर्यादा घातली, पण पाकिटं आडून फिरत राहिली. आयव्हरी कोस्टने 1964 मध्ये देजच रद्द केलं, तरी गावागावांत लोक ते देत राहिले. आई-बापांना, आणि पुष्कळदा मुलींनाही, त्याशिवाय लग्न लग्न वाटत नव्हतं. युगांडात टोरोरो इथल्या मिफुमी या संस्थेने वेगळी वाट धरली. मारहाण सोसणाऱ्या बायकांना आसरा देताना तिथल्या कार्यकर्त्यांना एकच उत्तर वारंवार ऐकू येई: मी माहेरी परत गेले तर बापाला गायी परत द्याव्या लागतील, आणि त्या तर भावाच्या लग्नात गेल्या. जो फिरता कळप कधी काळी बहिणीला भावाच्या घरात मान देत होता, तोच आता तिची परतीची वाट अडवून उभा होता. मिफुमी हे प्रकरण घेऊन घटनापीठाकडे गेली, 2010 मध्ये हरली आणि वर सर्वोच्च न्यायालयात गेली. 6 ऑगस्ट 2015 रोजी निकाल लागला. देज घेणं घटनाबाह्य आहे असं न्यायालयाने म्हटलं नाही. मात्र लग्न मोडल्यावर ते परत मागण्याची रीत न्यायमूर्तींनी बहुमताने रद्द केली. बाईने संसारात जे घातलं त्याची गायींत मोजदाद होत नाही आणि परतफेडीच्या धाकाने तिला छळात राहावं लागतं, असा त्यामागचा विचार होता. बंदीपेक्षा हा निकाल शहाणपणाचा आहे असं ठामपणे वाटतं. त्याने रिवाजाचं दार लावलं नाही, फक्त बाईला बाहेर पडता येईल एवढं उघडं ठेवलं.

दक्षिण आफ्रिकेत याच लोबोलाने एका बाईला न्यायालयात हात दिला. 2018 मध्ये ‘एचएचपी’ या नावाने लोकप्रिय असलेला रॅपर जाबुलानी त्साम्बो वारला. लेराटो सेंगाडी हिने आपण त्याची पत्नी असल्याचं सांगितलं, तर त्याच्या वडिलांनी लग्न झालंच नाही म्हणून तिला नाकारलं. पुरावा काय? फेब्रुवारी 2016 मध्ये दोन्ही घरांनी सह्या केलेला 45 हजार रँड लोबोलाचा करार. त्याच दिवशी, करार होताच, मुलाच्या आत्यांनी तिच्यापुढे लग्नाचे कपडे ठेवले. त्याच्या कपड्यांशी ते जुळणारे होते. तिने ते घातले, सगळ्यांसमोर तिला सून म्हणून कौतुकाने जवळ घेतलं गेलं. सासरच्यांचं म्हणणं असं, की मुलीला वाजतगाजत सासरी पोचवण्याचा विधी राहिला, म्हणून लग्न अपुरं. वरच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये ते मानलं नाही. रिवाज जिवंत असतो, लोक तो वागण्यातून बदलतात, आणि तो विधी सोडून देता येतो, असं ठरलं. 1998च्या पारंपरिक विवाह मान्यता कायद्याने अशा लग्नांना बरोबरीचा दर्जा दिला आहे, त्याचा खरा अर्थ असा एका विधवेच्या खटल्यात दिसला.

बायका न्यायालयाबाहेरही हे देज आपल्या हाताने वळवत आहेत. शहरात नोकरी करणाऱ्या कित्येक मुली लोबोलासाठी होणाऱ्या नवऱ्याबरोबर गुपचूप पैसे साठवतात आणि बोलण्यांच्या दिवशी ते सगळे त्याच्याच खिशातून येतात. नायजेरियातल्या इग्बो घरांत बाप पुढे केलेल्या रकमेतली थोडीच उचलतो आणि बाकी परत करतो. आम्ही लेक विकत नाही, हे सोयऱ्यांना कळावं म्हणून. त्याच लग्नात मुलगी ताडीचा पेला हातात घेऊन गर्दीतून चालते. चारही बाजूंनी पुरुष हात पुढे करून थट्टेने तिला बोलावतात. ती कुणाकडे न बघता आपला माणूस शोधून काढते, त्याच्यापुढे गुडघे टेकते आणि पेला देते. तो प्यायला की तिचा होकार साऱ्या गावाने पाहिलेला असतो.

झिम्बाब्वेत स्वातंत्र्यानंतर, 1982च्या कायद्याने अठरा वर्षांची बाई सज्ञान ठरली आणि रोराशिवायही लग्न करायला मोकळी झाली. तरी बहुतेकींच्या घरी ते लाकडी ताट आजही मांडलं जातं. रुसांबो डॉलरमध्ये येतो, परदेशी असलेला मुलगा मोबाइलवरून पैसे पाठवतो, दांगाचीही रोकड होते. एक बाब मात्र अजून पैशांत बदलत नाही: ‘मोम्बे येउमाई’, आईची गाय. ती जिवंत लागते, मादी लागते, आणि दारात चालत यावी लागते. ही गाय आईच्या माहेरच्या पूर्वजांची. ती दिली नाही तर मुलीच्या लेकरांना दोष लागतो असं मानतात, म्हणून बाकी सगळ्यात टाळाटाळ करणारा जावईही इथे चालढकल करत नाही. तिच्यावर बापाचा हक्क नसतो, आणि आईच्या शब्दाशिवाय तिला कुणी विकत नाही की कापत नाही. आई हरारेत तिसऱ्या मजल्यावर राहत असेल तर गाय गावी भावाच्या वाड्यात ठेवतात, आणि ती व्याली की फोन येतो, कालवड झाली की गोऱ्हा ते सांगायला.